बदलीसाहेबांचे दुपारचे सत्र

न्यायाधीशाची खुर्ची रिकामी राहू नये म्हणून कायद्याने एक सोय करून ठेवलेली असते. न्यायाधीश आजारी पडला, रजेवर गेला, किंवा समोरचा पक्षकार त्याचाच मेहुणा निघाला, तर त्याच्या जागी बसायला एक उपन्यायाधीश असतो. तो बाहेरगावाहून येत नाही. न्यायाधीशच गावातल्या वकिलांमधून केस पिकलेला आणि कोणाच्या फार अध्यातमध्यात नसलेला एक जण निवडतो. वरचे कोर्ट त्या नावावर शिक्का मारते. वकील हात वर करून शपथ घेतो आणि त्या दिवसापासून कोणीतरी आजारी पडण्याची वाट पाहू लागतो.

या गावच्या कोर्टातल्या उपन्यायाधीशांना सगळे बदलीसाहेब म्हणत. तोंडावर नुसते साहेब, पाठीमागे बदलीसाहेब. एरवी ते साधे वकील होते. चपलांच्या दुकानावर त्यांची एक खोली होती. भाडेकरार, मृत्युपत्रे, भावाभावांच्या वाटण्या, असे बैठे काम. आवाज इतका हळू, की अशील टेबलावर वाकून ऐकत. त्यांची बायको म्हणे, "हे भांडले तरी शेजारच्यांना कळत नाही. त्यांना वाटतं मी एकटीच ओरडते."

बोलावणे आले की मात्र ते मधल्या दाराने कोर्टात येत आणि सगळे उठून उभे राहत. न्यायाधीशाला असलेले सगळे अधिकार त्या दिवसापुरते त्यांना असत. साक्ष घेणे, दंड करणे, एखाद्याला घराबाहेर काढणे, एखाद्याला घरात घेणे. फक्त तीन गोष्टी करता येत नसत. न्यायाधीशाने दिलेला निकाल फिरवता येत नसे, स्वतःच्या जागी आणखी कोणाला नेमता येत नसे, आणि न्यायाधीश परत आल्यावर, निवृत्त झाल्यावर किंवा वारल्यावर एक क्षणही त्या खुर्चीत बसता येत नसे. कोर्टाचा शिपाई, ज्याला कशाचाही विनोद सुचे, तो म्हणायचा, "साहेब घरी, सावली कोर्टात."

काळा झगाही न्यायाधीशांचाच असे. न्यायाधीशांना गावात थोरले साहेब म्हणत. ते रुंद होते, बदलीसाहेब अंगाने किरकोळ. झग्याचे खांदे त्यांच्या दंडावर उतरत. खिशात खोकल्याच्या गोळ्या असत, आत हात गेला की बोटांना चिकटत. खुर्चीची गादी दुसऱ्याच माणसाच्या बसण्याने दबलेली. नऊ वर्षांत ती गादी त्यांच्यासाठी कधी बदलली नाही, आणि त्यांनीही कधी मागितली नाही.

थोरल्या साहेबांनी नेमणुकीच्या पत्रात एक अट स्वतः घातली होती. अशी अट दुसऱ्या कोणत्या कोर्टात नव्हती. उपन्यायाधीशाचा अधिकार फक्त सकाळच्या सत्रापुरता. दुपारच्या सत्रासाठी त्याने जेवणाच्या सुट्टीत न्यायाधीशाकडे यायचे, सकाळी काय झाले ते सांगायचे, आणि न्यायाधीशाने तोंडाने होकार दिला तरच परत जाऊन बसायचे. वरच्या कोर्टाने कारण विचारले तेव्हा ते म्हणाले होते, "उसना दिलेला अधिकार संध्याकाळपर्यंत माणसाला स्वतःचा वाटायला लागतो. म्हणून दुपारी एकदा परत मागायला यायचं."

वरच्या कोर्टात यावर हसले, पण शिक्का मारला.

मग तो रिवाजच पडला. बदलीचा दिवस असला की जेवणाच्या सुट्टीत बदलीसाहेब कोर्टामागच्या गल्लीतून थोरल्यांच्या घरी जात. वाचायच्या खोलीच्या दारात उभे राहत. थोरले खिडकीकडे तोंड करून आरामखुर्चीत बसलेले असत. दारातून त्यांचे डोके आणि खुर्चीच्या हातावरचा उजवा हात एवढेच दिसे. बदलीसाहेब सकाळची प्रकरणे थोडक्यात सांगत. थोरले मान न वळवता एकदा खोकत आणि म्हणत, "चालू द्या." बदलीसाहेब मान वाकवून परत फिरत. बसा, पाणी घ्या, असे काही नाही. सगळा अधिकार त्या दोन शब्दांत येई आणि संध्याकाळी संपे.

थोरल्यांची छाती त्या हिवाळ्यात पुरती बिघडली. ते अंथरुणावरून आरामखुर्चीत आणि आरामखुर्चीतून अंथरुणावर, एवढेच फिरत. बदलीसाहेब जवळजवळ रोजच खुर्चीत असत. त्या दिवशी सकाळी किरकोळ कामे झाली. जेवणाच्या सुट्टीत ते नेहमीसारखे गेले. बाहेरचे दार उघडेच होते. वाचायच्या खोलीत थोरल्यांची पत्नी आरामखुर्चीच्या शेजारी स्टुलावर बसली होती. एरवी त्या उठून आत जात. त्या दिवशी उठल्या नाहीत, काही बोलल्याही नाहीत.

बदलीसाहेबांनी सकाळचे सांगितले. मग म्हणाले, "दुपारी त्या शिलाईवालीचं आहे. नवऱ्याने मशीनचं टेबल फोडलं, तिच्या हातावरही मारलंय. त्याला घराबाहेर काढा म्हणतेय. आजच द्यावं लागेल. उद्यावर टाकण्यासारखं नाही."

खिडकीची काच वाऱ्याने थोडी वाजली. ते थांबले. नेहमीपेक्षा जास्त थांबले. खुर्चीच्या हातावरचा हात त्यांना दिसत होता. मग त्यांना खोकल्याचा आवाज आला, आणि "चालू द्या" ऐकू आले. त्यांनी मान वाकवली आणि परत गेले.

दुपारी शिलाईवाली उभी राहिली. हाताला पट्टी होती. बोलणे सरळ. नवरा माल वाहणाऱ्या गाडीवर ड्रायव्हर होता. तो पुढच्या बाकावर पाय पसरून बसला होता. त्याच्या बाजूने उभा असलेला वकील कायद्याची कलमे पाठ म्हणण्यासाठी प्रसिद्ध होता, त्यामुळे त्याचे नाव पोपट पडले होते. पोपटाने पाच-सहा कलमे म्हणून दाखवली. नवऱ्याचे घर, नवऱ्याचे नाव, नवऱ्याचा हक्क. ती ऐकत राहिली आणि मग खुर्चीकडे बघून म्हणाली, "साहेब, मला भाषण कळत नाही. आज घरी गेल्यावर दाराची आतली कडी लावायची की नाही, तेवढं सांगा."

"लावा," बदलीसाहेब म्हणाले.

आदेश असा झाला: नवऱ्याने त्याच संध्याकाळी कपडे घेऊन घर सोडायचे, पुढची पूर्ण सुनावणी होईपर्यंत त्या गल्लीत पाऊल टाकायचे नाही, टाकले तर पोलिसांनी उचलायचे. त्यांनी सही केली. नवरा जाताना दाराशी थांबून म्हणाला, "घर माझं आहे, साहेब."

संध्याकाळी बदलीसाहेब चपलांच्या दुकानावरच्या खोलीत बसले असताना शिपाई जिना चढून आला.

"थोरले गेले."

"कुठे?"

शिपायाने नुसते बघितले.

"कधी?" बदलीसाहेबांनी विचारले.

"सकाळीच, म्हणे. तुम्ही बसायच्या आधी. बाईंनी आत्ता सांगितलं. डॉक्टर येऊन गेले."

"सकाळी कसे? दुपारी मी बोललो त्यांच्याशी."

शिपाई, ज्याला कशाचाही विनोद सुचे, तो त्यावर काही बोलला नाही. तो जिना उतरताना कठड्याला धरून उतरला.

बातमी पोपटापर्यंत पोचायला वेळ लागला नाही. तो हुशार होता, आणि त्या वेळी त्याचे म्हणणे चूकही नव्हते. उपन्यायाधीशाचा अधिकार न्यायाधीशाबरोबर जातो. न्यायाधीश सकाळी गेला, तर त्यानंतर त्या खुर्चीत बसलेला माणूस म्हणजे झगा घातलेला एक वकील. त्याने कोणाला घराबाहेर काढले काय आणि चंद्रावर पाठवले काय, सारखेच. पोपटाने वरच्या कोर्टात अर्ज टाकला: शिलाईवालीचा आदेश रद्द करा. कोर्टाच्या आवारात तो मोठ्याने म्हणाला, "माणूस गेला, सावली बसून राहिली. सावलीची सही चालते का?" शिपायाचा विनोद त्याने उचलला होता. शिपायाने तो पुन्हा कधी केला नाही.

नवे न्यायाधीश यायला काही महिने लागणार होते. वरच्या कोर्टाची सुनावणी त्याआधी होती. शिलाईवाली एका सकाळी जिना चढून आली. हातात कोणाच्या तरी पँटचे पुडके होते.

"साहेब, लोक काय बोलतायत ते खरं का?"

"काय बोलतायत?"

"की तुमचा हुकूम खोटा. तुमचा माणूस मेला, म्हणून माझा माणूस घरात येणार?"

बदलीसाहेबांनी तिला बसायला सांगितले. ती बसली नाही.

"वरच्या कोर्टाने रद्द केला तरच. तोपर्यंत आहे."

"मग दुसरा लिहून द्या. तसाच. त्यात काय आहे, दोन ओळींचा तर होता."

"आता मला अधिकार नाही."

"तेव्हा होता?"

त्यांनी टेबलावरचे कागद सरळ केले.

"त्याने गल्लीच्या तोंडाशी मित्राला उभं केलंय," ती म्हणाली. "मित्र मला रोज विचारतो, काय वहिनी, कडी नीट बसते ना? मी हो म्हणते. मला काय माहीत बसते की नाही. ती तुमच्या त्या सहीवर बसलीय." जाताना ती जिन्यावरूनच म्हणाली, "मेल्यावरसुद्धा बायकांच्या मागे लागतात हे पुरुष."

कायद्यात एक फट होती आणि ती बदलीसाहेबांना माहीत होती. ज्याने अधिकार दिला तो मेला आहे हे ज्याला ठाऊकच नव्हते, त्याने भल्या मनाने केलेले काम टिकते. लोकांनी एका मरणाची किंमत का मोजावी, असा त्यामागचा विचार. पण पोपटाने त्या फटीलाही पाचर मारली होती. दुपारचा अधिकार सकाळच्या अधिकारात नव्हता. तो तोंडी मिळावा लागे. थोरले गेलेले आहेत हे बदलीसाहेबांना कळले नाही, झोपलेत असे वाटले, असे म्हणावे तर झोपलेला माणूस होकार देत नाही. मग ते होकाराशिवाय जाऊन बसले. म्हणजे आदेश गेला. होकार ऐकला असे म्हणावे, तर मेलेला माणूस बोलला असे शपथेवर सांगावे लागणार.

आणि त्यांनी तो ऐकला होता.

पहिले काही दिवस त्यांनी सरळ कारणे शोधून पाहिली. शेजारच्या घरातला रेडिओ असेल. रस्त्यावर कोणी दुसऱ्याला म्हणाले असेल. स्वतःच्याच घशातून आवाज निघाला असेल. ती कारणे वकिलाच्या नजरेने तपासली तर एकही टिकत नव्हते. खोकला खुर्चीतून आला होता. थोरल्यांचा आवाज नेहमी खिडकीवर आपटून दारात येई, तसाच आला होता.

मग त्यांना ऐकायची सवय लागली. अशिलाशी बोलताना मध्ये शांतता पडली, की ते तिसरे कोणी काही म्हणते का याची वाट बघत. अशील विचारी, "साहेब?" मग ते दचकून "हो, हो" म्हणत. रिकाम्या खोलीत शिरताना दारात थांबत. थोरल्यांचा झगा अजून त्यांच्याकडेच होता. तो खुंटीला होता, आणि त्याचे खांदे कोणी आत असल्यासारखे भरलेले दिसत. त्यांनी तो घडी करून कपाटात ठेवला. मग कपाटाकडे पाठ करून बसता येईना.

बायकोने एक दिवस ताट पुढे ठेवत म्हटले, "कान दाखवून घ्या."

"कानाला काय झालंय?"

"तेच बघायला."

"मी ऐकलं ते ऐकलं."

"मी कुठे नाही म्हणते? माझं वीस वर्षं ऐकू येत नाही, आणि मेलेल्याचं एका फटक्यात येतं. म्हणून म्हणते, दाखवून घ्या."

सुनावणी जवळ आली तेव्हा ते थोरल्यांच्या घरी गेले. वाचायच्या खोलीत थोरल्यांच्या पत्नी कोर्टाला देण्यासाठी पुस्तके बांधत होत्या. आरामखुर्ची जागेवरच होती, खिडकीकडे तोंड केलेली. बदलीसाहेब सवयीने दारातच उभे राहिले.

"आत या की. आता कोणाला विचारायचंय?" त्या म्हणाल्या.

ते आत आले. खुर्ची समोरून त्यांनी पहिल्यांदाच पाहिली.

"वहिनी, ते कधी गेले?"

"मी सकाळचा चहा घेऊन आले तेव्हा गेलेले होते. कप हातात द्यायला गेले, तर हात गार."

"आणि मी दुपारी आलो..."

"तुम्ही दुपारी आलात."

"तुम्ही कोणाला कळवलं का नाही?"

त्यांनी सुतळीची गाठ मारली आणि दाताने टोक तोडले. "लग्न झाल्यापासून हा माणूस सकाळी उठला की कोर्टाचा. सुट्टीच्या दिवशीही निकाल लिहीत बसायचा. म्हटलं, आज संध्याकाळपर्यंत माझ्याकडे राहू दे. नंतर आहेच सगळं गाव." मग त्या म्हणाल्या, "तुम्ही आलात तेव्हा मी म्हटलं, झालं, आता हे ओरडणार. पण तुम्ही उभे राहून त्यांना सगळं सांगितलंत. त्या शिलाईवालीचंसुद्धा. मग थांबलात. मान वाकवलीत आणि गेलात. मला तुमचा राग आला नाही. बरंच वाटलं. त्यांच्याशी नीट बोलणारे तुम्ही त्या दिवशीचे शेवटचे."

"आणि ते काय म्हणाले?"

"भाऊ, गेलेला माणूस काय म्हणणार?"

"तुम्ही काही बोललात? त्यांच्यासारखं?"

"मी श्वास धरून बसले होते."

"मला ऐकू आलं. आधी खोकला, मग शब्द."

त्यांचे हात पुस्तकांवर थांबले. त्यांनी खुर्चीकडे पाहिले नाही. पाहायचे नाही असे ठरवल्यासारखे पाहिले नाही. त्या म्हणाल्या, "मला नाही आलं. मी शेजारी होते, आणि मला नाही आलं."

त्यात तक्रार होती. बदलीसाहेबांना ती कळली.

मग थोरल्यांच्या पत्नींनी गठ्ठा बाजूला सरकवला आणि एकदम व्यवहाराच्या आवाजात म्हणाल्या, "डॉक्टरांनी वेळ मला विचारूनच लिहिली. मी सांगते गोंधळले म्हणून. म्हातारी बाई, नवरा गेलेला, कोण काय म्हणणार? तुम्ही आलात तेव्हा ते होते, बोलले, नंतर गेले. त्या पोरीचं काम होईल. बोला. तुम्हाला ते कधी गेलेले हवेत?"

बदलीसाहेब लगेच नाही म्हणाले नाहीत. खालच्या रस्त्यावरून कोणी लोखंडी हातगाडी ओढत नेत होते. तिचा खडखडाट कोपऱ्यावरून वळून संपेपर्यंत ते उभे होते.

"नको," ते शेवटी म्हणाले. "पोपट तुम्हाला उभं करील. विचारील, दुपारी जेवले का? काय जेवले? किती जेवले? मग तुम्हाला तिथे सगळ्यांसमोर त्यांना जेवायला घालावं लागेल."

त्या खाली बसल्या. "त्या दिवशी चूलच पेटवली नव्हती मी," त्या म्हणाल्या, आणि पुढचा गठ्ठा बांधायला घेतला.

वरच्या कोर्टाच्या न्यायाधीश एक बाई होत्या. चष्मा कपाळावर, बोलणे तुटक. मागच्या बाकावर शिलाईवाली होती. दुसऱ्या टोकाला ड्रायव्हर. कोर्ट भरले होते. सावलीची सही चालते की नाही हे बघायला शेजारच्या गावांतले वकीलही आले होते. थोरल्यांच्या पत्नींनी खरे ते सांगितले आणि त्या बाजूला बसल्या. मग बदलीसाहेब साक्षीदाराच्या जागी उभे राहिले. इतकी वर्षे त्यांनी दुसऱ्यांना त्या जागी उभे केले होते. कठडा त्यांना वाटला होता त्यापेक्षा उंच होता.

पोपट पुढे आला. "त्या दुपारी तुम्हाला होकार मिळाला?"

"हो."

"कोणाचा?"

"न्यायाधीशांचा."

"तेव्हा न्यायाधीश जिवंत होते?"

"नव्हते. हे आता माहीत आहे."

मागे हशा झाला. पोपटाने तो संपू दिला. "मग बोललं कोण?"

"ते मला माहीत नाही."

"पण ऐकलंत."

"ऐकलं."

"आणखी कोणाकोणाचे आवाज येतात तुम्हाला?"

"सध्या तुमचा येतोय."

या वेळचा हशा मोठा होता. पोपट लाल झाला. न्यायाधीश बाईंनी पेन्सिल टेबलावर आपटली, चष्मा डोळ्यांवर घेतला आणि स्वतः विचारले, "मला एकच सांगा. तुम्ही त्या दारात उभे होतात. समोर एक माणूस, हालचाल नाही. तुम्ही तितके भोळे नाही. शंका आली होती का?"

इथे 'नाही' म्हटले असते तर काम तिथेच संपले असते, आणि मनातल्या शंकेबद्दल त्यांना खोटे ठरवू शकेल असे कोणीही नव्हते. शिलाईवाली पुढे वाकून बसली होती. बदलीसाहेबांनी वेळ घेतला. जवळच्या काहींना वाटले, ते काहीतरी ऐकायचा प्रयत्न करतायत.

"ऐकू येण्याआधी आली होती," ते म्हणाले. "ऐकू आल्यावर राहिली नाही."

"म्हणजे शंका होती!" पोपट उडालाच.

"बसा," बाई म्हणाल्या. "मी ऐकलंय."

निकाल त्याच आठवड्यात आला. त्यात दोन भाग होते. पहिल्यात म्हटले होते की, उपन्यायाधीश खुर्चीत बसले तेव्हा आपल्याला होकार मिळाला आहे अशी त्यांची खात्री होती. ती खात्री कशाने झाली याच्याशी अर्जदाराच्या बायकोचा संबंध नाही. घरात ठेवलेल्या मरणाचा बोजा तिच्यावर टाकता येणार नाही. आदेश पूर्ण सुनावणीपर्यंत कायम. दुसरा भाग दोन वाक्यांचा होता. ज्या व्यक्तीची खात्री अशा रीतीने होते, तिला यापुढे न्यायाधीशाचे अधिकार देणे योग्य नाही. त्या व्यक्तीचे नाव उपन्यायाधीशांच्या यादीतून काढावे.

शिपायाने झगा न्यायला येऊन दारातच हात पुढे केला. आत आला नाही.

गावाने या गोष्टीचे गावाला जमते ते केले. काही अशील सोडून गेले. काही नवे आले, आणि ते जास्त त्रासाचे होते. एक गृहस्थ वडिलांच्या मृत्युपत्राचा वाद घेऊन आला, कागद टेबलावर पसरले आणि आवाज खाली आणून म्हणाला, "यातलं काही बघू नका, साहेब. तुम्हाला जमत असेल तर वडिलांनाच विचारा ना." बदलीसाहेबांनी त्याला पोपटाकडे पाठवले.

हिवाळा सरता सरता त्यांच्या कोटाचे अस्तर सुटले आणि ते शिलाईवालीकडे गेले. तिचे दुकान म्हणजे घराचीच पुढची खोली होती. टेबलाचा मोडलेला पाय तिने लाकडाची पट्टी ठोकून उभा केला होता. संध्याकाळ होत आली होती. तिने कोट उलटा केला, अस्तर बघितले, टाचण्या तोंडात धरल्या आणि त्या काढल्यावर म्हणाली, "एक विचारू? कोणाला सांगणार नाही. माझ्यासाठी खोटं बोललात ना तिथे?"

"नाही."

"थोडंसुद्धा?"

"नाही."

ती खट्टू झाली. "मग अवघड आहे. मी इतके दिवस समजत होते, साहेब माझ्यासाठी खोटं बोलले. त्यावर झोपत होते मी." तिने कोट खाली ठेवला. "रोज गल्लीत पावलं वाजतात. उठून बघते, कोणी नसतं. म्हणायचे, असू दे, त्या साहेबांनी एवढी जोखीम घेतलीय, ते काही असं सोडायचे नाहीत. आणि आता तुम्ही म्हणताय की तो मेलेलाच म्हणाला. म्हणजे माझ्या दाराला हुकूम मेलेल्या माणसाचा."

"नवे न्यायाधीश पुढच्या महिन्यात तुमचं ऐकतील. मग जिवंत माणसाचा होईल."

"आणि तोपर्यंत?"

बदलीसाहेबांना सल्ला देणेही बंद होते. जे प्रकरण त्यांनी खुर्चीत बसून ऐकले, त्यात त्यांना वकील म्हणून तोंड उघडता येत नव्हते.

"रात्री सोबतीला बहीण येते ना तुमची? किती वाजता?" त्यांनी विचारले.

"आज उशीर आहे तिला."

ते दाराशेजारच्या स्टुलावर बसले. तिने दिवा लावला, कोट सुईखाली घेतला आणि पायाने मशीन चालवायला लागली. गल्लीत पाऊल वाजले की मशीन थांबे. दोघेही दाराकडे बघत. मग ती पुन्हा चालवायला लागे.